काचेआडच्या खिडक्या

“चढ! चढतो का आता, का उचलून टपावर टाकू?”

नेवासा फाट्यावर सकाळी आमचे आप्पा असे काही ओरडले, की मुंबईच्या गाडीचा ड्रायव्हर दचकून सीटवरून अर्धा उठला. त्याला वाटलं, त्यालाच म्हणतायत. चहाच्या गाड्यावरचं उतू जाणारं दूध जागच्या जागी थांबलं. समोरच्या बाभळीवरचे बगळे जे उडाले ते थेट जायकवाडीवर जाऊन टेकले. खोटं वाटत असेल तर बगळ्यांना विचारून या.

“आप्पा, शामूला एकदा भेटून येतो. पाच मिनिटं.”

“शामूला हेडमास्तरनं अकराला बोलवलंय. त्याचं तो बघंल. तू तोंड उघडलंस तर माझी किल्ली जाती. कळतंय का तुला? किल्ली!”

किल्ली तिजोरीची नव्हे. आप्पा टाकळीच्या नळपाणी योजनेवर वॉलमन होते. रस्त्याखालचे व्हॉल्व्ह फिरवायची हातभर लांब लोखंडी किल्ली कायम त्यांच्या खांद्यावर. त्या दिवशी मला गाडीत बसवायलाही ते ती घेऊनच आले होते. कुठल्या आळीला किती वेळ पाणी, हे त्या किल्लीच्या हातात; आणि किल्ली कुणाच्या हातात ठेवायची, हे चेअरमनच्या.

मी चढलो. एक पाय पायरीवर, एक पाय रस्त्यावर असा मी गाडी चालू झाल्यावरही अर्धा मैल उभा होतो, असं मी मुंबईत सांगतो. खरं म्हणजे दोन सेकंदांत आत शिरलो आणि चांगली जागा धरली. गाडी हलली तसा आप्पांनी पुन्हा आवाज टाकला, “तिकडं चित्रं काढायचीच झाली तर म्हशींची काढ! म्हैस तक्रार करत न्हाई!”

आख्खी गाडी माझ्याकडं वळून बघायला लागली. शेजारच्या म्हातारीनं मला गुरांचा डॉक्टर समजून नगर येईपर्यंत तिच्या म्हशीचं पोटाचं दुखणं ऐकवलं. मी मान डोलवत होतो. शेवटी ओवा सांगितला.

हे मी टाकळीत राहिलेल्यांसाठी लिहितोय, आणि टाकळीतून उठून पुण्याला, मुंबईला, सुरतेला, आखातात गेलेल्यांसाठीही. कुठली टाकळी, ते विचारू नका. नगर जिल्ह्यात टाकळ्या इतक्या आहेत, की एका टाकळीत दगड भिरकावला तर दुसऱ्या टाकळीत कुणाचं तरी कौल फुटतं. ओळखणारे ओळखतील. आणि मी रागात लिहितोय, हेही आधीच सांगून ठेवतो. शहरात राग गिळायची सवय लागते. आठ वर्षं गिळला. गेल्या महिन्यात नगरला जे झालं, ते मात्र घशाखाली उतरत नाही.

आधी शामू कोण, ते सांगतो. शामुवेल साळवे. श्रीरामपूरच्या चर्चमागच्या वस्तीतला, टाकळीच्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. नाताळात त्यांच्या वस्तीत घरोघर कागदाचा तारा लागतो, आत बल्ब. शामूचा तारा लांबून ओळखू यायचा. दाढीचं ब्लेड मधून मोडायचं, अर्धं बोटांत धरायचं आणि कापत सुटायचं. नक्षी अशी बारीक, की मुंगी आत शिरली तर रस्ता चुकून थेट नव्या वर्षातच बाहेर पडायची. शाळेला लागल्यावर पंधरा ऑगस्टची तोरणं, गॅदरिंगचे पडदे, सगळं त्याच्याच हातचं. पंचक्रोशीत असा कागद कापणारा दुसरा माणूस नव्हता आणि हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तेच पुढं त्याच्या मुळावर आलं.

मी तेव्हा बारावी होऊन आप्पांच्या मते पिठाला भार झालो होतो. चित्रं काढायचो. दिवाळी अंकांत खिडकीची चित्रं यायची, आठवतायत? वरच्या पानाला भोक पाडलेलं, भोकातून काहीतरी भलतंच चावट दिसायचं, आणि पान उलटलं की बाई आपली मांडीवर भोपळा घेऊन चिरत बसलेली. आख्खा महाराष्ट्र वर्षातून एकदा त्या भोकाला डोळा लावून बसायचा. मीही माझी चित्रं त्या अंकांना पाठवायचो. पाकिटं अशी झपाट्यानं परत यायची, की पोस्टमन म्हणायचा, “दत्तू, तू टाकायच्या आधीच आलं बघ हे.” एका संपादकांनी तेवढं लिहून कळवलं, की हात बरा आहे, विषय हलके घ्या.

शामूनं ते पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, “त्यांचं वरून चावट, आतून सोज्वळ. आपण उलटं करू. वर सोज्वळ, आत जे हाय ते.”

असं आमचं ‘कवाडं’ निघालं. झेरॉक्सवर काढलेली सोळा पानांची चित्रकथा, संपादकाचं नाव नाही, पत्ता नाही, चित्राखाली सही नाही. चित्रं माझी, खिडक्या शामूच्या. तो तीन बाजूंनी कापायचा आणि चौथी बिजागरीसारखी ठेवायचा. कापलंय हे डोळ्याला दिसायचंच नाही. पानावर हलकी फुंकर मारायची, की खिडकी उघडली. वर हात जोडलेला पुढारी, आत त्याच हातांची दुसरी कामं. श्रीरामपूरच्या स्टँडवरचा पेपरवाला अंक ठेवायचा, नेवाशाच्या बाजारात आम्ही स्वतः बसायचो. फुंकर मारमारून एका तलाठ्याचा दमा बरा झाला, असं ऐकलं होतं. ऐकलं कशाला, मीच पसरवलं होतं.

आणि आम्ही एकटे नव्हतो. संगमनेरला एकजण जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठीवर आख्खी चित्रकथा काढायचा, बारा महिने, बारा प्रकरणं. कोपरगावला एका टेलरनं बिलबुकाच्या कोपऱ्याकोपऱ्यात माणूस काढला होता. पानं फर्रकन सोडली, की तो माणूस पळत सुटायचा आणि शेवटच्या पानावर विहिरीत उडी टाकायचा. आम्ही सगळे एकमेकांना पोस्टानं अंक पाठवायचो. ह्याला चळवळ म्हणतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. घरचे ह्याला वेगळा शब्द वापरायचे.

मग चेअरमनची एकसष्टी आली.

आमचे चेअरमन शाळेच्या संस्थेचे, नळपाणी समितीचे, भजनी मंडळाचे, झालंच तर स्मशान सुधार समितीचेही. माणूस जन्मला की त्यांच्या नळाचं पाणी, मेला की त्यांचंच लाकूड. पाण्याची टाकी बांधली ती गावाच्या मधोमध नव्हे, त्यांच्या डाळिंबाच्या बागेच्या कडेला. आप्पा पहाटे आधी बागेचा व्हॉल्व्ह उघडायचे. गावाचा नंतर. बौद्धवस्तीचा सगळ्यात शेवटी, तोवर टाकीत उरायचा तो नुसता आवाज. घरी येऊन आप्पा किल्ली कोपऱ्यात अशी आपटायचे की भिंतीचा पोपडा पडायचा. त्या पोपड्यांच्या डागांतच मला ते चित्र दिसलं.

चित्र असं: पानभर चेअरमन, फेटा, कोट, हात जोडलेले, चेहऱ्यावर देवमाणसाचं हसू. फुंकर मारली, की कोटाची खिडकी उघडायची. आत पोटाच्या जागी गावची टाकी. बेंबीच्या जागी नळ, नळाखाली डाळिंबाचं झाड, आणि पार तळाला हंडे घेऊन बायकांची रांग, वेशीपासून फाट्यापर्यंत.

शामूनं सगळ्या प्रती कापून दिल्या. त्याला वाटलं, नेहमीसारख्या बाजारात जातील. मी तसं वाटू दिलं. एकसष्टीच्या दिवशी शाळेचा हॉल सजवायला त्याच्याकडं दिला होता. दुपारी तो जेवायला गेला तेवढ्यात मी खुर्चीखुर्चीवर एकेक अंक ठेवून आलो. शामूला ह्यातलं काही माहीत नव्हतं. हे वाक्य पुन्हा लिहितो, कारण आठ वर्षांत जिथं बोलायला पाहिजे होतं तिथं मी ते एकदाही बोललो नाही: शामूला ह्यातलं काही माहीत नव्हतं.

माझा बेत साधा होता. लोकांना गौरव अंक वाटेल, घरी नेतील, घरी कुणीतरी फुंकर मारेल, आणि दुसऱ्या दिवशी गावभर हसू फुटेल. लोक आले. चेअरमन आले. पहिल्या रांगेत बसले, अंक उघडला, स्वतःला हात जोडलेलं बघितलं आणि खूश होऊन शेजारी मालकीणबाईंना दाखवलं. मार्च संपत आलेला, हॉलवर पत्रा. हेडमास्तर ओरडले, “अरे पंखे लावा की! पाहुणे घामाघूम झालेत!”

पंखा आमच्या डोक्यातच नव्हता. आम्ही कवाडं कायम बाजारात विकलेली, बाजाराला कुठं पंखा असतो?

सहा पंखे एकदम फिरायला लागले. आणि हॉलमधल्या झाडून सगळ्या चेअरमनांची पोटं एका फटक्यात उघडली. तो आवाज मला अजून ऐकू येतो, पारव्यांचा थवा उठावा तसा. लोक खाली बघतायत, वर बघतायत, पुन्हा खाली बघतायत. मग मागून पाटलांच्या सूनबाई, ज्या हंड्यांच्या रांगेत रोज उभ्या असायच्या, त्या एकट्याच खळखळून हसल्या. त्यानंतर जो हॉल हसला, त्यानं पत्र्याचे चार खिळे निखळले. हे खरं आहे. तीन तर निखळलेच.

चेअरमन ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अंक डोळ्याजवळ नेला, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि शांतपणे म्हणाले, “हे कापकाम आपल्या ड्रॉइंग मास्तरचं.”

शामू दाराशी तोरण घेऊन उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

मुंबईच्या आवृत्तीत मी खुर्चीवर चढतो आणि गरजतो, “चित्र माझं आहे! काय करायचं ते मला करा!” ह्या ओळीला अंधेरीत हमखास टाळी येते. खरी आवृत्ती पंख्याची आहे.

दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसलो, तो प्रसंग वर आलाच. त्याच दिवशी अकरा वाजता शामूला विचारलं, की चित्रं कुणी काढली आणि अंक कुणी ठेवले. तो म्हणाला, कापले मी. त्यापुढं बोलला नाही. शिस्तभंगाचा ठपका ठेवून त्याला काढलं आणि त्याच्या जागी चेअरमनचा भाचा घेतला. तो भाचा आंबा काढतो तेव्हा पोरं त्याखाली ‘कासव’ लिहितात. मला हे सगळं पुढं आईच्या पत्रातून कळलं. शामूचं एकच कार्ड आलं, श्रीरामपूरहून: ‘रेडियमचं दुकान टाकलंय. गाड्यांच्या नंबरप्लेटी कापतो. बरं चाललंय.’ मी उत्तर म्हणून अकरा पानं लिहिली. पोस्टात टाकली नाहीत.

मुंबईत मी ॲनिमेशनच्या स्टुडिओत लागलो. ऐकायला भारी वाटतं. परदेशातल्या कार्टूनचं काम यायचं. ससा कान वर करतो, ह्यातलं पहिलं चित्र तिकडचा साहेब काढणार, शेवटचंही तोच काढणार, मधली आम्ही काढणार. त्याला इनबिट्वीन म्हणतात. ए.सी. हॉल, लाइट टेबल, डेडलाइन, आणि ओळीनं बसलेले आम्ही सांगली, बीड, कणकवली, नगरचे मधलेच. सशाचा एक कान वर जायला माझी आख्खी दिवाळी गेली. त्या सशानं काय बघून कान टवकारला, हे मला आठ वर्षांत कळलं नाही. साहेबानं कळवलंच नाही. टाकळीत मी एक रेघ मारली तर चेअरमनचं पोट उघडायचं. इथं हजार चित्रं काढली तरी सशाचं पोट फुगत नव्हतं. पगार वेळेवर होता, कँटीनमध्ये इडली होती आणि मी शनिवारी मित्रांना पंख्याची गोष्ट सांगायचो. दर वेळी एक पंखा वाढायचा.

मग बातमी आली. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान: मराठीतल्या ‘पर्यायी चित्रकथा’. पुण्याच्या एका कला महाविद्यालयातल्या प्रोफेसरांनी रद्दीतून ‘कवाडं’ शोधून काढलं होतं. कॅलेंडरवाला, बिलबुकवाला, सगळे त्यात होते. आम्ही पर्यायी होतो म्हणे! ज्यांना कुणी छापत नव्हतं, जे बाजारात कोथिंबिरीशेजारी बसून विकत होते, ते आठ वर्षांनी ‘प्रवाह’ झाले होते. मी प्रोफेसरांना फोन केला. एसटीडी बूथवाला म्हणाला, हळू बोला, काच हालतीय. प्रोफेसर आनंदानं वेडे झाले. प्रदर्शन करू, तुमच्याच मातीत करू, नगरला करू, तुमचा सत्कार करू. महिन्याभरात पत्रिका आली. उद्घाटक म्हणून आमचे चेअरमन. आता ते जिल्ह्याचे पुढारी झाले होते.

पत्रिका वाचून मी लाइट टेबलावर मूठ आपटली आणि त्याच क्षणी ठरवलं. स्टेज मिळतंय, माईक मिळतोय, चेअरमन समोर आहे, जिल्ह्याचे पेपरवाले आहेत. सगळ्यांसमोर सांगायचं, अंक मी ठेवले, शामुवेल साळवेला माहीतही नव्हतं, त्याला नोकरीवर परत घ्या. तोंडावर, पेपरवाल्यांसमोर मागितलं तर चेअरमनना नाही म्हणणं जड जाईल. दुसरं कुणी हे सांगणार नव्हतं; आप्पांना किल्लीची भीती, आणि बाकी कुणाला माहीतच नव्हतं. भाषण पाठ केलं. रोज स्टुडिओच्या बाथरूममध्ये आरशासमोर. एकदा इतक्या जोरात केलं, की आतल्या माणसानं आतूनच माफी मागितली.

नगरच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि पहिला रट्टा बसला. सगळी पानं काचेत. जाड, चकचकीत फ्रेमा. मधोमध माझे चेअरमन, फेटा, कोट, हात जोडलेले, देवमाणसाचं हसू. खाली चिठ्ठी: ‘ग्रामीण नेतृत्वाचं रेखाचित्र’. लोक त्यासमोर थांबून चक्क नमस्कार करत होते. एका बाईंनी नातवाला सांगितलं, पाया पड.

“सर,” मी प्रोफेसरांचा दंड धरला, “खिडकी उघडत नाही ह्याची!”

“अहो माहितीय मला खिडकीचं,” ते म्हणाले. “पण कागद किती नाजूक झालाय बघा. लोक हात लावतात. जपायला नको?”

“जपता काय! त्याचं पोट आत आहे! पोटाशिवाय हा नुसता फोटो झाला ना!”

“कॅटलॉगमध्ये तळटीप दिलीय,” प्रोफेसर म्हणाले. भला माणूस. खरंच भला. माझा सगळ्यात जास्त राग ह्या भल्या माणसांवर आहे, कारण त्यांच्यावर धड ओरडताही येत नाही. “आणि फ्रेमांचं म्हणाल तर आपलं बजेट कुठं होतं? ह्या साहेबांनीच करून दिल्या.”

साहेब मागंच उभे होते. केस पांढरे झालेले, अंगठा तोच. त्यांनी काचेवर बोट टेकवलं, नेमकं कोटाच्या जागी, आणि माझ्याकडं बघून हसले.

“काच असू दे, दत्तू. धूळ लई हाय आपल्याकडं.”

त्यांना सगळं आठवत होतं. पोट, नळ, डाळिंब, रांग, सगळं. आठवत होतं म्हणूनच काच जाड घेतली होती. मुंबईत मी कित्येक शनिवार ज्या माणसाला हरवत होतो, त्यानं मला दोन स्क्रूंत भिंतीवर ठोकून टाकलं होतं.

सत्कार सुरू झाला. पहिल्या रांगेत आप्पा. इस्त्रीची टोपी, आणि पहिल्यांदाच खांद्यावर किल्ली नाही, म्हणून एक खांदा वर आलेला. चेअरमननी माईकवर सांगितलं, हा आमच्या वॉलमनचा मुलगा, टाकळीचं नाव ह्यानं साता समुद्रापार नेलं. टाळ्या. आप्पांनी डोळे पुसले. मला गाडीत कोंबणारा माणूस माझ्यासाठी रडत होता. शाल घालायला चेअरमन वाकले, तोंड माझ्या कानाशी आणलं आणि मऊ आवाजात विचारलं, “आप्पाची दोनच वर्षं राहिलीत ना रे रिटायरला?”

बस, एवढंच. धमकीला एवढा गोड आवाज मी कुठं ऐकला नाही.

माईक माझ्यासमोर आला. भाषण तोंडपाठ होतं. पहिला शब्द ‘शामुवेल’ होता. मी हॉलकडं बघितलं, आप्पांच्या टोपीकडं बघितलं, काचेकडं बघितलं. मग म्हणालो, “आपला सर्वांचा मी अत्यंत आभारी आहे.” आणि बसलो. आप्पांच्या नोकरीचं कारण खरं आहे, पण मी ते कारण असं घट्ट धरलं, की वाटावं कुणीतरी ते हातात देईल म्हणून मी वाटच बघत होतो. नारळ मांडीवर होता. तो कुणाच्या तरी डोक्यात घालावा असं वाटत होतं आणि सगळ्यात जवळचं डोकं माझंच होतं.

तुम्ही गेलेले लोक मला विचाराल, मग आता घर म्हणजे काय? टाकळीत आमच्या दाराला आप्पांनी नवा रंग दिलाय, आतली एक खोली माझी म्हणून कुलपात ठेवलीय. मी तिथं पाहुणा असतो, दुसऱ्या दिवशी आई विचारते, परतीचं रिझर्व्हेशन केलं का. अंधेरीच्या खोलीत माझं सामान राहतं. ‘गावाला जातो’ असं म्हटलं, की आता माझ्या डोळ्यांपुढं ह्या दोन्ही जागा येत नाहीत. श्रीरामपूरच्या बेलापूर रोडकडची एक टपरी येते, जिथं माझ्याविषयी खरं काय ते ठाऊक असलेला एकच माणूस बसतो. आठ वर्षं मी तिकडं फिरकलो नव्हतो. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो.

टपरी म्हणजे सहा बाय आठ. भिंतीवर लाल, पिवळ्या, हिरव्या रेडियमचे रोल. शामू वाकून कापत होता. केस गेलेले, चष्मा आलेला. बाकड्यावर एक टेम्पोवाला आपल्या लेकीचं नाव कापून घ्यायला बसला होता.

“ये दत्तू,” शामू म्हणाला, जसं काही मी कालच येऊन गेलो होतो. “बस. त्या रोलवर नको, त्यो चिकटतो.”

मी बसलो. माफी मागायला आलो होतो. देवाशप्पथ, तेवढ्याचसाठी आलो होतो. पण टेम्पोवाला माझ्याकडं बघत होता, शामूची मान खाली होती, आणि माझं तोंड उघडलं ते नेहमीच्या रस्त्यानंच निघालं.

“शामू, काल नगरात काय झालं, कानावर आलं का तुझ्या?”

“काय झालं?”

“प्रदर्शन होतं आपल्या कवाडांचं! चेअरमन उद्घाटक! आणि आपली पानं काचेत घातली होती रे त्यांनी, काचेत! मी स्टेजवर गेलो. तो शाल घालायला लागला, शाल अशी उडवली. माईक ओढला. म्हटलं, चेअरमन, अंक मी ठेवले होते खुर्च्यांवर! शामुवेल साळवेला ह्यातलं काही माहीत नव्हतं! त्याची नोकरी परत द्या, आत्ता, ह्या लोकांसमोर!”

“आयला!” टेम्पोवाला म्हणाला.

“चेअरमन पांढराफटक! घाम फुटला त्याला, खुर्ची धरली. पेपरवाले उभे राहिले. हॉल सुन्न. मी तसाच खाली उतरलो आणि त्या फ्रेमकडं गेलो.”

“काच फोडली का वो?” टेम्पोवाला बाकड्याच्या टोकावर आला होता.

“फोडली!” मी म्हणालो. “नारळानंच फोडली!”

“बराबर केलं तुमी. लई बराबर केलं.” त्यानं शामूच्या पाठीवर थाप मारली. “मास्तर, आवो ऐकताय ना? तुमची नोकरी आली बघा परत!”

शामूनं हातातलं अक्षर कापून पुरं केलं. मागचा कागद सोडवला, अक्षर उजेडात धरून कडा तपासली आणि टेम्पोवाल्याच्या हातात दिलं. मग चष्मा काढून माझ्याकडं बघितलं.

“मी आल्तो काल नगरला,” तो म्हणाला. “शेवटच्या रांगेत बसल्तो.”